तिखटाची वाडी

तेरावं झालं आणि घरातली माणसं एकदम थकली. इतके दिवस कामाने दुःखाला दारातच उभं करून ठेवलं होतं. आल्यागेल्याला चहा, भटजींची सरबराई, वाडीतल्या बायकांच्या गजाली, हे सगळं काल संपलं. मांडवाचं कापड सोडून नेलं. पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या एकीत एक घालून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी घरचीच चार माणसं एकमेकांकडे बघत बसली होती. हौसाबाई होती तोवर तिच्या निमित्ताने बोलायची सवय होती. आता बोलायचं तर तिच्याविषयीच, दुसरं काही सुचत नव्हतं.

तोंडवलीच्या या घराची रीत अशी, की तेराव्यापर्यंत मासळी बंद आणि चौदाव्याला तिखटाची वाडी. गेलेल्या माणसाच्या आवडीचं मासळीचं जेवण रांधायचं, केळीच्या पानावर वाढून मागल्या दारच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, ठेवायचं. कावळ्याने शिवलं की मग घरच्यांनी जेवायचं, त्याआधी नाही. हौसाबाईचे यजमान तुकाराम गेले तेव्हा प्रश्नच पडला नव्हता. त्यांना मोरी माशाचं मटण आवडायचं हे वाडीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

"काय आणू?" सत्यवानाने पिशवी झटकली. हौसाबाईचा हा थोरला, साठी उलटलेला. "आयेक काय आवडायचा?"

"ह्या काय इचारूचा झाला?" किशोरी म्हणाली. ती त्याच्या पाठची, कणकवलीला दिलेली. "बांगड्याचा तिखला."

"छ्या! सुंगटांची कढी," धाकटा चंदन म्हणाला. डोंबिवलीत उभा जन्म गेला तरी घरात पाऊल टाकलं की त्याची भाषा परत जागेवर येई. "मी सुट्टीर इलंय काय पयल्याच दिवशी करी."

"तू इलंस म्हणान करी ती. तिका आवडायची म्हणान नाय."

"आणि तिखला? तू कणकवलीसून इलंस काय तिखला. मगे तो तुजोच लाड ना?"

"भांडू नकात," सत्यवान म्हणाला. "तिका तळलेले सौंदाळे आवडायचे. कुरकुरीत."

यावर बहीणभाऊ दोघेही हसले, कारण कुरकुरीत सौंदाळ्यांसाठी लहानपणी ताट आपटणारा कोण होता हे सगळ्यांना आठवलं. सत्यवानही ओशाळून हसला. मग किशोरी आतल्या दाराकडे वळली.

"वैनी, तूच सांग. चुलीकडे तिच्या वांगडा तू आयुष्य काढलंस."

सत्यवानाची बायको यशोदा दारात उभी होती, हातात नारळाची कवड. सांगायला तिने तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. चौतीस वर्षं सासूच्या शेजारी बसून तिने वाटण वाटलं होतं. कुणाला काय चालतं, कुणाला काय बाधतं, सगळं पाठ होतं. पण हौसाबाई पान घेऊन बसली आहे आणि काहीतरी चवीने खाते आहे, असं चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येईना. दिसत होती ती पातेल्यात भात टाकून तळाशी चिकटलेली कढी पुसून घेणारी बाई.

"उरला ता खायची," ती म्हणाली.

"उरल्याची काय वाडी घालतत?" चंदन म्हणाला.

"सगळाच आणतंय," सत्यवानाने निकाल दिला. भांडण मिटवायची त्याची ही जुनी पद्धत. भांडण मिटायचं आणि काम यशोदेचं वाढायचं. ती कवड घेऊन आत गेली आणि खोबरं खवायला बसली.

तेवढ्यात ओमकार, तिचा मुलगा, मालवणहून गाडीवर आला. पाठीमागे बायको संचिता बसली होती आणि दोघांच्या मध्ये कापडात गुंडाळलेला मोठा बोर्ड होता. पडवीत त्याने कापड सोडलं. वर ठसठशीत अक्षरं: हौसाई होमस्टे. खाली: आजीच्या हातची चव. आणि चुलीपुढे बसलेल्या हौसाबाईचा मोठा फोटो.

"बघा आत्या, कसो झालो?"

किशोरीने फोटोवर हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. चंदन म्हणाला, "मस्त रे! दिवाळीपासून चालू कर. माज्या ऑफिसातले चार जण मीच धाडतंय." सत्यवानाने बोर्ड जरा लांब धरून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. आईचं नाव घराबाहेर लागणार, यात वाईट काय?

आत खोबरं खवायचा आवाज थांबला होता.

"आई, बघ गो!" ओमकारने हाक मारली.

"हात वले आसत," यशोदा म्हणाली. आवाज पुन्हा सुरू झाला.

*

विहिरीजवळ किशोरी बांगडे साफ करायला बसली. गुडघे मोडून बसायची सवय गेली होती, पण माहेरी आल्यावर ओट्यापाशी उभ्याने मासे करणं तिला पटेना. यशोदा शेजारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. दोघींचंही अंग आंबलेलं होतं आणि दोघींनाही ते कबूल करायचं नव्हतं.

"ओमकार गुणी आसा," किशोरी म्हणाली. "आयेचा नाव राखता. आणि खरा सांगू? घरात चूल पेटती रवली तर माका म्हायेर रवात. नायतर मी खंय येवचा, कुलपाक भेटाक?"

"येवा तुमी. कोण नको म्हणता?"

"तसा नाय. तू गप आसंस म्हणान इचारतंय. तुका नको आसा काय ह्या?"

यशोदेने सुंगटाचा काळा धागा ओढून काढला. "वन्स, माका कोणी इचारूकच नाय."

"मी इचारतंय मरे."

"माका बसाक व्हया." एवढंच बोलून ती थांबली. मग स्वतःलाच ऐकू यावं तसं म्हणाली, "खंय जावक नको, कायएक नको. सकाळी उठून नुसता बसाक व्हया. कोण किती वाजता इलो आणि कोणाक काय व्हया, ह्या माका म्हायत नसला तरी चलात, असा."

किशोरीला वाईट वाटलं. तिच्या सांध्यांनाही ते कळलं. पण माहेरही डोळ्यांपुढे होतं. "एक वरीस कर," ती हळूच म्हणाली. "लोकांक सवय झाली काय मगे बाई ठेवक येता."

यशोदा हसली. चिडून नव्हे, थकून. "आयेची गजाल तुमका म्हायत आसा ना? होडयेतसून इली ती."

कोणाला माहीत नव्हती! पंधरा वर्षांची हौसा विजयदुर्गहून होडीने या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा वऱ्हाडाला भरती लागली होती आणि नवरीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. घरी आली तर सासूला ताप. सासू आतून म्हणाली, दोन दिवस जरा चुलीकडे बघ, माझा ताप उतरेपर्यंत. हौसा भिजल्या लुगड्यानेच चुलीपुढे बसली. तुकारामाची होडी कधी पहाटे लागे, कधी भर दुपारी. होडी लागली की आधी खलाशी जेवायचे, मग घरचे बापये, मग पोरं, मग आलागेला. चार मुलं झाली, एक गेलं. त्याच्या बाराव्यालाही जेवण तिनेच रांधलं. डोंबिवलीला एकदाच गेली, तर पोचल्यापोचल्या चंदनच्या बायकोची शेगडी पुसली आणि विचारलं, पीठ खंय आसा? सत्तरी ओलांडल्यावर सून होती म्हणून वाटणं सुटलं, पण चुलीपुढचा पाट सुटला नाही. हे सगळं किशोरीने कौतुकाने शंभरदा सांगितलं होतं, कणकवलीच्या शेजारणींनाही.

"सासयेचो ताप तिसऱ्या दिवशी उतारलो," यशोदा म्हणाली. "पण चूल काय परत घेवक नाय तिना."

किशोरीच्या हातातला बांगडा तसाच राहिला. हा शेवट तिने कधी सांगितला नव्हता. विळीवर तिने कारण नसताना दोनदा पाणी ओतलं, आणि मग दोघी पुन्हा कामाला लागल्या.

*

संचिताने बोर्ड मागल्या दारच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिली. फोटो तिनेच मोबाईलवर काढलेला, लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत. तेव्हा तिला वाटलं होतं, किती छान दिसतात आजी. आता एवढा मोठा केल्यावर तिला दुसरंच दिसलं. फोटोच्या डाव्या कडेला आणखी एक हात होता, चुलीवरचं पातेलं उतरवणारा. हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटाशी भाजल्याचा डाग. पेंटरने फोटो बरोबर तिथेच कापला होता.

"ओमकार, हो हात कोणाचो?"

"खंयचो?" त्याने वाकून पाहिलं. "आईचो आसतलो. कित्याक?"

"तू आईंका इचारलंस?"

"काय इचारूचा?"

"ह्याच. पावण्यांका रांधून घालशीत काय म्हणान."

ओमकार खरोखर गोंधळला. तो वाईट मुलगा नव्हता. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी चालवायचा, आजीला शेवटी उचलून बाहेर उन्हात बसवायचा, आईच्या गुडघ्याचं औषध विसरायचा नाही. "ती रांधताच मरे रोज," तो म्हणाला. "चार ताटा जास्ती. आणि तू आसस ना मदतीक."

संचिताने त्याच्याकडे पाहिलं. मालवणच्या पतपेढीत ती सकाळी नऊला खुर्चीवर बसायची आणि त्या खुर्चीवर तिचं नाव होतं. बोर्डावर पुढच्या फोटोत कडेला कोणाचा हात येणार, हे तिला त्या क्षणी लख्ख समजलं. "रंग चांगलो आसा," ती म्हणाली, बोर्ड फिरवला आणि आजीचं तोंड भिंतीकडे करून आत गेली. ओमकारला वाटलं, ऊन लागू नये म्हणून फिरवला.

*

दुपार कलली तरी कावळा शिवेना.

पान भरलेलं होतं. तिखला, सुंगटांची कढी, सौंदाळे, आंबोळी, सोलकढी, सगळ्यांच्या सगळ्या आवडी. गडग्यावर ते पान ठेवून घरातली माणसं माडाखाली उभी होती. पोटात कावळे कोकलत होते आणि माडावरचा एकटा कावळा मान वाकडी करून खाली बघत होता.

सत्यवानाची पाठ दुखत होती. सकाळी बंदरावर जाऊन मासळी आणलेली, त्यात उपाशी. कावळा शिवत नाही म्हणजे म्हातारीचा जीव कशाततरी अडकलाय, एवढं त्याला कळत होतं. अशा वेळी शब्द द्यायचा असतो. किशोरीने दिला. "आये, मी दर वर्साक येतलंय गो." कावळा हलला नाही. चंदनने हात जोडले. "आये, गणपतीक मी चुकूचंय नाय." कावळ्याने पंख खाजवले. चंदनच्या शब्दावर त्याचाही विश्वास नसावा.

"बाबा, तुमी सांगा," ओमकार म्हणाला. "थोरले तुमी."

सत्यवान पुढे झाला. आईला काय हवं होतं? त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. भिंतीकडे तोंड केलेला बोर्ड त्याला दिसला आणि हायसं वाटलं. देण्यासारखं काहीतरी आहे आपल्याकडे.

"आये," तो मोठ्याने म्हणाला, "तुजी चूल मी विझाक देवचंय नाय. यशोदा तुजी चव राखतली. येणाऱ्या-जाणाऱ्याक रांधून घालतली, हातपाय चलतत तोवर. ह्या माजा तुका वचन."

कावळा माडावरून उतरला आणि गडग्यावर बसला.

"इलो, इलो!" चंदन कुजबुजला. किशोरीने डोळे मिटले.

यशोदा मागल्या दारात उभी होती. मेलेल्याला दिलेला शब्द जित्याने मोडायचा नसतो, हे या घरात तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. कावळ्याने चोच मारली की संपलं. मग नाही म्हणणारी ती कोण? कावळा दोन उड्या मारून पानाजवळ आला. जन्मात पहिल्यांदा तिने मनातल्या मनात घरच्यांविरुद्ध देवाला हाक मारली: नको शिवू देऊ. आणि देव ऐकतो की नाही हे बघत न बसता ती पायऱ्या उतरली, दुखऱ्या गुडघ्याने लंगडत अंगण ओलांडलं, आणि गडग्यावरचं पान दोन्ही हातांनी उचललं.

कावळा कावकाव करत वर उडाला.

"यशोदा!" सत्यवान ओरडला. "ह्या काय केलंस?"

"वाडी उचलतत काय कोण? वैनी!" किशोरीचा आवाज चिरकला.

"ह्या सगळा निवलाहा," यशोदा म्हणाली. पानावरच्या कढीवर साय धरली होती. "तिका निवलेला आवडत नाय."

"सकाळी इचारला तेवा तुका म्हायत नाय होता, आणि आता…" चंदन म्हणाला.

"सकाळी ध्यानात येवक नाय. तुमी मासळी इचारलास, आणि गरम ही काय म्हावऱ्याची जात नाय." तिने पान विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि पदराने हात पुसले. "पावसात ती खाटेर पडली. जेवल्यार औषध होता म्हणान सगळ्यांच्या आदी तिका भरवक लागलंय. पयल्या दिवशी घास तोंडात घेतल्यान आणि थांबली. माका वाटला चटको बसलो. इचारलंय, आये, गरम आसा? तर माका म्हणता, गो यशोदा, एवढी वर्सा रांधलंय, भात असो लागता ह्या माका म्हायतच नाय होता."

किशोरीने कठड्यावरच्या निवलेल्या पानाकडे पाहिलं.

"त्या दिवसापासून भाजी नको, म्हावरा नको. नुसतो गरम भात आणि वर मीठ. रडायची खाताना. तुमका वाटायचा दुखता म्हणान रडता."

ती आत गेली. चुलीवर उकड्या तांदळाचा भात नुकताच उतरवला होता, घरच्यांच्या पंगतीसाठी. वाफाळतं पातेलं तसंच धरून ती बाहेर आली. मनगटाला चटका बसला, तो तिला नेहमीसारखाच जाणवला नाही. कोऱ्या पानावर तिने भात वाढला, मीठ ठेवलं, पान गडग्यावर मांडलं. वाफ सरळ वर गेली.

"गरम भाताक कावळो तोंड लावता काय?" चंदन म्हणाला, पण हळू.

"मगे रवात वाट बघीत. ती रवली ना इतकी वर्सा?" यशोदेने पानाला हात जोडले. "आये, ह्यांनी दिलेला वचन ह्यांचा. ह्यांका राखूचा आसा तर ह्यांनी रांधूचा. माजा वचन मी देतंय. ती चूल तुजी नाय होती आणि माजी नाय. मी आता गरम जेवतलंय."

मग तिने दुसरं पान घेतलं. मागल्या दारच्या पायरीवर मांडलं, स्वतःसाठी भात वाढला, वर सकाळचा तिखला घातला आणि बसली.

"कावळो शिवाच्या आदी?" किशोरी पुटपुटली.

"तो निवाची वाट बघता, वन्स. मी बघूचंय नाय."

तिने पहिला घास घेतला. पुरुषमाणसं उभी, माहेरवाशीण उपाशी, वाडी अजून तशीच, आणि घरची सून पायरीवर बसून जेवते आहे, असं या अंगणाने कधी पाहिलं नव्हतं. घास गरम होता. तिला एकदम हौसाबाईची आठवण आली. तिने दुसरा घास घेतला, आणि तिसरा.

संचिता आतून पान घेऊन आली, पातेल्यातून आपल्या हाताने भात वाढून घेतला आणि सासूच्या शेजारी पायरीवर बसली. कोणाला काही विचारलं नाही. ओमकार दोघींकडे बघत राहिला. बघता बघता त्याची नजर आईच्या मनगटावर गेली, हिरव्या बांगड्यांच्या खाली, भाजल्याच्या जुन्या डागावर आणि त्याच्या शेजारी आत्ताच उठलेल्या लाल चट्ट्यावर.

"बोर्ड परत करतंय मी," तो म्हणाला.

"परत कित्याक?" यशोदा म्हणाली. "नाव बरा आसा. आत्याकडना तिखला शीक आणि चालव."

सत्यवान माडाला टेकून खाली बसला. त्याला राग आला होता, पण भूक त्याहून जास्त लागली होती, आणि दोन्हीहून जास्त थकवा. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मगे आमका वाढतला कोण?"

"तुज्या हातांक काय झालाहा?" किशोरी म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पातेल्यातला डाव उचलला आणि थोरल्या भावाच्या हातात दिला. सत्यवानाने तो कसा धरायचा हे न कळल्यासारखा धरला.

तेव्हा चंदनला गडग्याची आठवण झाली. पानावरचा भात विस्कटलेला होता, चार शितं गडग्यावर सांडली होती आणि कावळा कधीच उडून गेला होता. तो केव्हा आला, कोणाच्या शब्दावर शिवला, कोणीच पाहिलं नव्हतं. सगळे पायरीकडे बघत होते.

यशोदेच्या पानातला भात अजून गरम होता.